तीन माळांचं अंतर

स्कोलास्तिकाला विचारलं, गेर्वासचं गाव किती लांब?
ती म्हणाली, तीन माळा.
पाणी चढलं असेल तर साडेतीन.

मी तेव्हा नवा होतो सेपिक नदीच्या काठी,
फ्लोरेस बेटावरून आलेला,
पिशवीत पाच वर्षांचा आराखडा:
शाळा दोन, दवाखाना एक, सौर दिवे चाळीस,
बाप्तिस्म्यांची वही वेगळी.
नकाशावर बोट ठेवून मैल मोजायचो
आणि नदी दर पुराला वळण बदलायची.

जपमाळ मला नवी नव्हती. नकोशी होती.
ऑक्टोबरात आमच्या गावात ती घरोघर फिरायची,
आज या घरी, उद्या त्या,
मेणबत्ती, मातेची मूर्ती, उकडलेला मका.
गार सिमेंटवर माझे गुडघे.
आई चौथ्या रहस्यापाशी पेंगायची,
ओठ मात्र चालूच,
जसं हात सुटला तरी
जातं अर्धा फेरा आपलं आपण फिरतं.
सेमिनरीत मी चार भाषांत देवाबद्दल बोलायला शिकलो.
माळ राहिली
पुदिन्याच्या गोळ्यांच्या डबीत.

त्या रात्री भर नदीत इंजिन बंद पडलं.
दोरी ओढली, चाळीसदा तरी.
गवताची तरंगती बेटं शेजारून गेली,
टॉर्चच्या उजेडात मगरींचे डोळे
राखेतून डोकावणाऱ्या निखाऱ्यांसारखे.
मी शिवी दिली, आईच्या भाषेत,
म्हणजे कोणाला कळणार नाही.
स्कोलास्तिकाला कळली.
तिनं एक वल्हं मला दिलं, एक स्वतः घेतलं
आणि काही न विचारता सुरू केलं:
नमो मारिया, एक हात.
पवित्र मारिया, दुसरा.

शुक्रवार होता. दुःखाची रहस्यं.
पहिलं: बागेत तो एकटा, मित्र झोपलेले.
मी जागा होतो, एवढंच.
तेही डासांमुळे.

तिच्या माळेचे मणी रानजोंधळ्याचे,
राखाडी, गुळगुळीत, मासेमारीच्या दोऱ्यात ओवलेले.
या बीला भोक पाडावं लागत नाही, ती म्हणाली,
ते उपजतच असतं.
आपण फक्त दोरा शोधायचा.
मग पुन्हा वल्हं.
वळणांना ती नावानं ओळखत नव्हती,
हे वळण दुसऱ्या दहाचं,
ते पडकं झाड आलं की गौरव असो पित्याला.
माझे हात सोलले. मोजणं चुकलं.
चुकलेलं ती परत म्हणायची, न रागावता,
जसं कोणी अंधारात
आपल्या मागे राहिलेल्यासाठी थांबतं.

पोचलो तेव्हा गेर्वास गेला होता.
अभिषेकाचं तेल माझ्या खिशात तसंच.
कधी, मी विचारलं.
सून म्हणाली, दुसऱ्या माळेच्या सुमारास,
आमची तिसऱ्या दहाला आली होती.

आमचीही दुसरीच चालली होती तेव्हा.

मला बोलायला हवं होतं. पाद्री असतो तो बोलतो.
पण कुणीतरी चटईवर सरकून जागा केली,
आणि तिसरी माळ अजून उरलेली होती,
आमचीही, त्यांचीही.
ती सगळ्यांनी मिळून पुरी केली.
गेर्वासनं कोरलेला अर्धा मुखवटा कोपऱ्यात,
एक डोळा झालेला, एक राहिलेला.
घराखाली पाणी हलत होतं.
खांब दिसत नव्हते. घर होतं.

आता अकरा वर्षं झाली.
एक शाळा झाली, ती वाहून गेली, पुन्हा बांधली.
नर्स महिन्यातून दोनदा येते, इंधन असेल तर.
आराखडा वाळवीनं खाल्ला,
मी शोधलाही नाही फारसा.
स्कोलास्तिकाला आता दिसत नाही.
बोटांना दिसतं, ती म्हणते.

काल चर्चमागे रानजोंधळा पिकला.
पोरं ओंजळी भरून
एकमेकांना बिया फेकून मारत होती.
मी ओरडायला बाहेर गेलो
आणि खाली बसून वेचायला लागलो.